चुंबकाच्या दारावरचा राखणदार

अकोले किंवा जामखेड तालुक्यातील एखाद्या गावातून पहाटेची एस.टी. धरून आलेल्या आजी एमआरआय विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या असतात. सोबत मुलगा असतो, हातात कागदांची पिशवी असते. आतून तंत्रज्ञ येतात आणि विचारू लागतात, "आजी, पूर्वी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे का? हृदयाला पेसमेकर बसवला आहे का? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का?" अर्ज भरताना विचारलेलेच हे प्रश्न. मुलगा कंटाळून म्हणतो, "साहेब, सगळं लिहून दिलंय की!" तरीही आत नेताना, अगदी दाराशी, तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात.

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात नगर शहर, विळद घाट किंवा लोणी येथील मोठे रुग्णालय गाठायचे तर अनेकांचा पूर्ण दिवस मोडतो. रोजगार बुडतो, वृद्ध माणसाला प्रवास सोसत नाही. म्हणूनच "उगाच काही सांगितले तर परत पाठवतील" या भीतीने एखादी जुनी गोष्ट सांगायची राहून जाते. धोक्याची सुरुवात बहुधा येथूनच होते.

कधीही न झोपणारे चुंबक

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शक्तिशाली चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणूंकडून संकेत मिळवले जातात व त्यांतून चित्र तयार होते. सर्वत्र आढळणाऱ्या 1.5 टेस्लाच्या यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट असते. त्याची वेटोळी उणे 269 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली असतात. इतक्या थंडीत वीज अडथळ्यावाचून वाहत राहते. त्यामुळे तपासणी चालू नसताना, रात्री, सुटीच्या दिवशी, इतकेच काय, बाहेरची वीज गेली तरी चुंबक जागेच असते.

ही एक गोष्ट ठाऊक नसली तर काय घडते, हे मुंबईच्या नायर रुग्णालयात 27 जानेवारी 2018 रोजी दिसले. वृद्ध नातेवाइकासोबत आलेला एक तरुण प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. यंत्र बंद असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. सिलिंडरसह तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. जीव गेला तो रुग्णाचा नव्हे, सोबत आलेल्या माणसाचा.

घरातील चाकांची खुर्ची, वॉकर, सिलिंडर किंवा धातूची काठी तंत्रज्ञ बाहेरच ठेवायला सांगतात, ते यासाठी. आत नेण्यासाठी चुंबकाकडे न ओढली जाणारी वेगळी साधने असतात. अन्य कोणी "चला, काही होत नाही" म्हणाले, तरी तंत्रज्ञांनी होकार दिल्यावाचून उंबरठा ओलांडू नये.

शरीरातले आणि अंगावरचे

पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात शस्त्रक्रियेने बसवलेले यंत्र, इन्सुलिनचा पंप यांची माहिती तपासणीची वेळ ठरवतानाच द्यावी. आजचे काही पेसमेकर एमआरआयला चालतात. मात्र त्यांची मांडणी तज्ज्ञांकडून आधी बदलून घ्यावी लागते. हृदयातील स्टेंट किंवा बदललेला गुडघा असूनही बहुतेकांची तपासणी होऊ शकते, परंतु तो निर्णय कागद पाहून घेतला जातो. साखर कारखान्यात वा एमआयडीसीत ज्यांनी वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचे काम केले, त्यांच्या डोळ्यात लोखंडाचा बारीक कण राहिलेला असू शकतो. तो चुंबकाने हलला तर दृष्टीला इजा होते. म्हणून शंका आल्यास आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

अंगावरच्या वस्तू तर सवयीने विसरल्या जातात. ब्लाउजची सेफ्टी पिन, कनवटीची चुन्याची डबी, अडकित्ता, किल्ल्या, कवळी, औषधाची चिकटपट्टी, जरीची साडी यांची आठवण सोबतच्याने करून द्यावी. सोने-चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही, पण तापू शकते आणि चित्रही बिघडवते. मंगळसूत्र उतरवताना आजींचा हात अडखळतो. अशा वेळी घाई न करता ते सुनेच्या किंवा लेकीच्या हाती द्यावे. जोडवी निघत नसतील तर तसे सांगावे. ती दडवू नयेत.

कानाचे यंत्रही काढावे लागते आणि मग सूचना ऐकू येत नाहीत. ते काढण्यापूर्वीच काय होणार आहे हे समजावून सांगावे व हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात.

आतली वीस ते पंचेचाळीस मिनिटे

बहुतेक तपासण्यांना एवढा वेळ लागतो. यंत्रातील वेटोळ्यांच्या कंपनाने ठोकल्यासारखा मोठा आवाज होतो. त्यासाठी कानांना संरक्षण देतात. हातात दाबण्याचा रबरी फुगा असतो; तो दाबताच तंत्रज्ञ थांबून विचारपूस करतात. शरीर हलले की चित्र पुसट होते आणि तो भाग पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून आधी लघवीस जाऊन यावे. पाठ दुखत असल्यास गुडघ्यांखाली उशी मागावी. बंद जागेची भीती वाटत असल्यास आधीच सांगावे. डॉक्टर सौम्य औषध देऊ शकतात. आवश्यक ती पडताळणी करून काही ठिकाणी नातेवाइकालाही जवळ बसू देतात.

शिरेतून गॅडोलिनियमचे औषध द्यायचे असल्यास मूत्रपिंडाचा विकार किंवा डायलिसिस चालू असल्याचे सांगावे आणि क्रिएटिनिनचा अलीकडचा अहवाल सोबत न्यावा.

"काही निघालं का?"

तपासणी संपताच मुलगा हळूच विचारतो, "साहेब, काही निघालं का?" तंत्रज्ञ म्हणतात, "अहवाल डॉक्टर देतील." हे उत्तर ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. पण त्या मौनातून चांगला वा वाईट कोणताही अर्थ काढू नये. नेमकी चित्रे मिळवणे हे तंत्रज्ञांचे काम; त्यांचा अर्थ लावणे हे रेडिओलॉजिस्टचे. अर्धवट शब्दाने कुटुंबाची झोप उडू नये म्हणून ते तो संयम पाळतात.

घरी आजच एक काम करावे. आई-वडिलांजवळ बसून त्यांच्या सर्व शस्त्रक्रिया, बसवलेली उपकरणे व त्यांची कार्डे, पूर्वी केलेले काम आणि चालू औषधे एका कागदावर लिहून ठेवावीत. वीस वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया घरात एकट्या आजींनाच आठवत असते. ती कागदावर आली, म्हणजे दाराशी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला गेला तरी उत्तर खरे मिळेल.