शोधयंत्रावरील सशुल्क जाहिराती : लिलावाचे बदलते स्वरूप

शोधयंत्रावर एखादा शब्द लिहिल्यावर निकालांसोबत ज्या जाहिराती दिसतात, त्यांचा क्रम प्रत्येक वेळी लिलावाने ठरतो. अमेरिकेतील गोटू डॉट कॉम या कंपनीने १९९८ मध्ये ही पद्धती रूढ केली. तेथे सर्वाधिक बोली लावणाऱ्यास पहिले स्थान मिळे व प्रत्येक क्लिकमागे बोलीची संपूर्ण रक्कम द्यावी लागे. साहजिकच प्रतिस्पर्धी परस्परांवर नजर ठेवून बोली सतत वरखाली करीत. २००२ मध्ये गूगलने बोलीसोबत क्लिकचे प्रमाणही विचारात घेतले आणि स्थान राखण्यास पुरेल तेवढीच रक्कम आकारण्याचे धोरण स्वीकारले.

वरकरणी दर जाहिरातदारांच्या स्पर्धेतून ठरतो. परंतु गुणांकन व किमान दर लिलावकर्त्याच्याच हाती असतात; लिलाव पुकारणाऱ्यानेच मापही ठरवावे, असा हा व्यवहार होय. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टन येथील न्यायाधीश अमित मेहता यांनी या क्षेत्रात गूगलची मक्तेदारी असल्याचा निर्णय दिला. स्पर्धेचा विशेष धाक नसल्याने कंपनीला दर वाढविता आले, हे त्यातील निरीक्षण विचारणीय आहे. त्याची एक रीत अशी की, दुसऱ्या क्रमांकाच्या जाहिरातदाराचे गुण वाढविले जात. त्यामुळे पहिल्याला त्याच स्थानासाठी अधिक दाम मोजावे लागत.