फिरत्या चुंबकावर पेटलेला दिवा

डायनॅमो बसवलेली सायकल तुम्ही रात्री कधी चालवली आहे का? डायनॅमोची चकती टायरला टेकवली की दिवा लागतो आणि त्याच क्षणी पायडल जड होते. आत एक चुंबक फिरत असतो. दिव्याला मिळणारी ऊर्जा चाकाच्या फिरण्यातूनच काढून घेतलेली असते. पायडल मारणे थांबवा, चाक हळूहळू मंद होईल आणि दिवाही मालवेल. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. विश्वातील अत्यंत प्रखर दिव्यांचे कोडे सोडवताना ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचा तारा इंधन संपले की कोसळतो आणि त्याचा स्फोट होतो. हाच सुपरनोव्हा. त्याचा प्रकाश आठवडेच्या आठवडे टिकतो. पण तो टिकतो कसा? स्फोटाच्या वेळची उष्णता तेवढ्यासाठी पुरत नाही. सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडली की ती हाताला गार लागते, कारण प्रसरण पावणारा वायू थंड होतो. स्फोटातून उधळलेल्या वायूचेही तेच होते. विशेषतः ज्या ताऱ्याने आपले हायड्रोजनचे आवरण आधीच गमावलेले असते, त्याची मूळ उष्णता प्रकाश बाहेर पडू लागण्याआधीच खर्ची पडते. तेव्हा आत कोणीतरी शेगडी पेटती ठेवली पाहिजे.

नेहमीच्या सुपरनोव्हात ही शेगडी म्हणजे स्फोटात तयार झालेले किरणोत्सर्गी निकेल-५६. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६ दिवस. त्याचे कोबाल्ट-५६ होते, आणि ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने त्या कोबाल्टचे लोखंड होते. १९८७ साली मोठ्या मॅगेलनी मेघात सुपरनोव्हा दिसला, तेव्हा कोबाल्टचे गॅमा किरण प्रत्यक्ष नोंदले गेले होते. सूर्याच्या वस्तुमानाच्या एक दशांशाहूनही कमी निकेल त्याला पुरले. हिशेब चोख जुळला.

तो बिघडला २००५ साली. अमेरिकेतील टेक्सासमध्ये मॅक्डोनाल्ड वेधशाळा आहे. तेथील अवघ्या ४५ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून रॉबर्ट क्विम्बी या विद्यार्थ्याला एक सुपरनोव्हा सापडला. त्याचे नाव एसएन २००५ एपी. तो ३ अब्जांहून अधिक प्रकाशवर्षे दूर होता, तरी दिसला! मोजमाप केल्यावर कळले, की ऐन भरात त्याचे तेज सुमारे १०० अब्ज सूर्यांएवढे होते. पुढे असे आणखी काही सापडले, आणि २०११ साली क्विम्बी व त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा एक स्वतंत्र वर्ग असल्याचे दाखवून दिले. यांना अतितेजस्वी सुपरनोव्हा म्हणतात.

आता निकेलचा हिशेब मांडा. एवढ्या प्रकाशासाठी कित्येक सूर्यांच्या वस्तुमानाइतके निकेल लागेल. काहींच्या बाबतीत तर उधळलेल्या एकूण वायूपेक्षाही निकेल जास्त भरते! शिवाय यांतले अनेक सुपरनोव्हा कोबाल्टच्या ७७ दिवसांच्या चालीपेक्षा लवकर मंदावतात. शेगडी दुसरीच असली पाहिजे.

२०१० साली डॅनियल केसन व लार्स बिल्डस्टेन या जोडीने, आणि स्वतंत्रपणे स्टॅन वूझली यांनी, एक उत्तर पुढे केले. तारा कोसळल्यावर मागे न्यूट्रॉन तारा उरतो. वस्तुमान सूर्याच्या सुमारे दीडपट, पण व्यास पंचवीस किलोमीटरांच्या आतबाहेर. गिरकी घेणाऱ्या नर्तकीने हात आवळले की तिचा वेग वाढतो, तसा हा आकसलेला गोळा सेकंदाला शेकडो फेऱ्या घेऊ शकतो. त्यातच तो 'मॅग्नेटार' असेल तर? ही कल्पना रॉबर्ट डंकन व ख्रिस्तोफर टॉमसन यांनी १९९२ साली मांडली होती. मॅग्नेटार म्हणजे प्रचंड चुंबकत्व असलेला न्यूट्रॉन तारा. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण अर्धा गॉस असते, तर मॅग्नेटारचे शंभर लक्ष कोटी गॉस आणि त्याहूनही अधिक. आपला डायनॅमो तयार झाला.

यात ऊर्जा किती? गणित शालेय सूत्रांनी होते, तेव्हा तुम्हीच करून पाहा. १२ किलोमीटर त्रिज्येचा असा गोळा सेकंदाला २५० फेऱ्या घेत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा २ वर ४४ शून्ये इतके ज्यूल भरते. सूर्य आपल्या १० अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो, त्याहूनही ही जास्त! फेऱ्या दुप्पट केल्या तर ऊर्जा चौपट.

पण केवळ ऊर्जा असून भागत नाही, ती वेळेवर मिळावी लागते. मला या कल्पनेतला हाच भाग सर्वांत मौजेचा वाटतो. चुंबक जितका जबर, तितका त्याचा ब्रेक कडक. २५० फेऱ्यांच्या ताऱ्याचे क्षेत्र शंभर लक्ष कोटी गॉस असेल, तर त्याचा वेग ओसरायला सुमारे अडीच महिने लागतात. क्षेत्र दसपट केले, तर एक दिवसही पुरतो. मग सारी ऊर्जा दाट, अपारदर्शक वायूत ओतली जाते. ती वायूला ढकलण्यात संपते आणि प्रकाश मिळतच नाही. लखलखाटासाठी अतिबलवान नव्हे, तर बेताचा मॅग्नेटार हवा.

अर्थात हिशेब जुळला म्हणजे चोर सापडला असे नव्हे. फेऱ्या आणि क्षेत्र हवे तसे निवडले की बरेच आलेख जुळवता येतात. सुपरनोव्हा भोवतालच्या वायूवर आदळूनही झळाळू शकतो, आणि काही अतितेजस्वी सुपरनोव्हांचे स्पष्टीकरण तेच असावे.

म्हणूनच २०२४ साली सापडलेल्या, सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या एसएन २०२४ एएफएव्हीने कुतूहल वाढवले. त्याचे तेज ओसरताना मध्ये मध्ये फुगवटे आले, आणि दर दोन फुगवट्यांमधला काळ घटत गेला. संशोधकांचा तर्क असा: उधळलेला काही वायू परत येऊन मॅग्नेटारभोवती तिरपी तबकडी झाली. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार, फिरणारी जड वस्तू भोवतालचा अवकाशही थोडा ओढत नेते. त्यामुळे ही तबकडी भोवऱ्यासारखी डुलू लागली. ती आत सरकत गेली तसे डुलणे जलद झाले. वायूच्या आदळण्यातून अशी चढती लय मिळणे फार अवघड आहे.

आपल्या दीर्घिकेतल्या ज्ञात मॅग्नेटारांना मात्र एका फेरीस काही सेकंद लागतात. २०१८ च्या डिसेंबरात एक्सटीई जे १८१०-१९७ हा मॅग्नेटार पुन्हा जागा झाला, तेव्हा नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने त्याचे स्पंद टिपले. दोन स्पंदांमधले अंतर साडेपाच सेकंद. तोही कधीकाळी सेकंदाला २५० फेऱ्या घेत असेल, तर त्या ऊर्जेचा आज वीस लाखांत एखादा हिस्सा त्याच्यापाशी उरला आहे.