चोवीस सेकंदांची किंमत

हवाई बेटांवरची एक नर्स किशोरवयीन पेशंटच्या तपासणीच्या नोंदी संगणकात भरायची. त्यात एक रकाना होता, नाळेचा. हो, नाळेचाच! रकाना तान्ह्या बाळासाठी केलेला आणि पलंगावर मिसरूड फुटलेला मुलगा.

ऑक्टोबर २०१७ मध्ये 'हवाई पॅसिफिक हेल्थ' या तिच्या संस्थेने कर्मचाऱ्यांना विचारलं, संगणकात काय काय उगाच भरावं लागतं ते सांगा. मोहिमेचं नावही रोखठोक, 'गेटिंग रिड ऑफ स्टुपिड स्टफ'. नाळेचा रकाना तिथेच उजेडात आला. पण थक्क करणारी गोष्ट वेगळीच. दर तासाला पेशंटकडे फेरी मारली की नर्सने संगणकावर तशी खूण करायची. एक क्लिक, त्यात काय एवढं? वेळ मोजला तर २४ सेकंद भरले. आणि संस्थेच्या चार रुग्णालयांत मिळून महिन्याचे सुमारे १,७०० नर्सिंग-तास! भागाकार करून पाहिला, तर महिन्याला अडीच लाखांवर क्लिक निघतात. ती खूण काढून टाकली.

आता हे बर्नआउटशी, म्हणजे कामाने माणूस आतून पार थकून जाण्याशी, कसं जोडायचं? १९७४ साली मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यातल्या कार्यकर्त्यांची अवस्था लिहून ठेवली. हटता हटेना अशी सर्दी, डोकेदुखी, उडालेली झोप, क्षुल्लक कारणावरून भडका. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि रात्री दवाखाना करून ते स्वतःही यातून गेले होते. दमत होते ते जीव ओतून काम करणारेच. आणि अशाच माणसांचे तास असल्या क्लिकांत जातात.

मग माणसंच कणखर करावीत, हा उपाय सुचतो. नाइट ड्यूटी संपवून निघालेल्या सिस्टरला 'ताणमुक्ती'च्या व्याख्यानाला बसवायचं, असला प्रकार! अमेरिकेत ५,००० हून अधिक डॉक्टरांची पाहणी झाली, ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर इतर नोकरदारांपेक्षा कणखर निघाले. तरी कणखरपणात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांतलेही शंभरातले २९ जण बर्नआउटने ग्रासलेले होते. माझ्या मते व्याख्यानाआधी रकाने तपासावेत.

हवाईतल्या त्याच मोहिमेत इमर्जन्सी विभागातल्या एका डॉक्टरांनी असाच प्रश्न टाकला होता. घरी जाणाऱ्या पेशंटचा कागद छापायचा, त्यावर सही घ्यायची आणि स्कॅन करून पुन्हा त्याच संगणकात घालायचा, हे कशासाठी? तीही पद्धत बंद झाली.