हिरड्यांतून रक्त येतंय? मग ब्रश थांबवू नका!

बारा धडधाकट माणसं, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, आजपासून दात घासायचे नाहीत! डेन्मार्कमधल्या ऑर्हुसला हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. १० ते २१ दिवसांत झाडून सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग ब्रश पुन्हा सुरू केला आणि साधारण आठवडाभरात सूज गेली. हिरड्यांच्या आजाराबद्दल याहून दिलासा देणारी गोष्ट मला माहीत नाही. सुरुवातीची सूज पूर्ण बरी होते.

आपण मात्र नेमकं उलटं करतो. चूळ भरताना लाल दिसलं की तेवढी जागा घासायचीच सोडतो. रक्ताचं खरं कारण बहुतेक वेळा तिथे साचलेला जंतूंचा चिकट थर असतो, म्हणून नेमकं तिथेच घासायला हवं. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका धरा, जोर लावू नका. दोन दातांमधल्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे फ्लॉसचा दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश वापरा.

दातांवरचे हे जंतू पहिल्यांदा पाहिले ते नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहूक या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या हौशी संशोधकाने. तो रोज मिठाने दात घासायचा. तरीही दातांमधला पांढरा मळ भिंगाखाली धरला, तर त्यात इवलेसे जीव वळवळत होते! १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्रच धाडलं.

जंतूंचा हा थर काढला नाही की लाळेतल्या क्षारांनी तो काही दिवसांतच कडक होतो. हेच किटण. ते इतकं चिवट, की जर्मनीतल्या डालहाइमच्या मठात पुरलेल्या मध्ययुगीन स्त्रीच्या दातांवर ते शतकानुशतकं टिकलं. २०१९ साली संशोधकांना त्यात निळे कण सापडले, मौल्यवान लाजवर्दी रंगाचे! ती बहुधा हस्तलिखितं रंगवत असावी.

शतकं टिकणारी ही गोष्ट ब्रशने निघणार कशी? ती दातांच्या डॉक्टरांनीच काढायची. ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ हा समज घरोघरी आहे आणि त्याने फार नुकसान केलंय. दात हलतात ते किटणाखाली हाड झिजल्यामुळे. सफाईनंतर ते फक्त जाणवतं.

हाड झिजणं हा आजाराचा पुढचा टप्पा, म्हणजेच आपला जुना ओळखीचा पायोरिया. दात आणि हिरडी यांच्यातली खाच निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर असते. ती खोल होत जाते, आणि बहुतेक वेळा दुखत काहीच नाही. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांना तर धोक्याची खूणही नीट मिळत नाही, कारण त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. आजार आत चालूच राहतो.

आणि मिश्री! महाराष्ट्रात कितीतरी बायका अजूनही सकाळी ती हिरड्यांना चोळतात, ‘दात घट्ट राहतात’ म्हणून. मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. तिने हिरड्या दातांवरून मागे सरकतात, सवय सुटता सुटत नाही आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. घरात आजी-मावशी मिश्री लावत असतील, तर त्यांच्याशी हे प्रेमाने, पण स्पष्ट बोला.

मधुमेहाचं नातं दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं जड जातं. म्हणून साखर तपासायला जाल तेव्हा हिरड्यांचंही सांगा. गरोदरपणातही हार्मोन्समुळे हिरड्या पटकन सुजतात. ‘आता बाळंतपणानंतर बघू’ म्हणून थांबू नका. दात साफ करून घेणं गरोदरपणात सुरक्षित आहे, आणि मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यात सोयीचे.