१६ ऑगस्टची प्लेलिस्ट

दरवर्षी १६ ऑगस्ट उजाडला की इन्स्टावर एल्विस प्रेस्लीचे पांढऱ्या जम्पसूटमधले फोटो फिरायला लागतात. १९७७ साली याच दिवशी तो मेम्फिसमधल्या आपल्या ग्रेसलँड या घरी गेला, अवघ्या ४२ व्या वर्षी. दुपारपर्यंत नुसरत फतेह अली खाँसाहेबांच्या कव्वाल्यांच्या रील्स सुरू होतात. ते गेले १९९७ मध्ये, लंडनला. वय फक्त ४८. २०१८ पासून यात अरेथा फ्रँकलिनची भर पडलीये. रॉक अँड रोल, कव्वाली आणि सोल, तिन्हींतल्या दिग्गजांची पुण्यतिथी एकाच दिवशी! दिनविशेष काढणाऱ्या माझ्यासारख्या इंटर्नला आणखी काय हवं?

पण या यादीत एक चौथं नाव आहे आणि माझ्या फीडवर ते क्वचितच दिसतं. रॉबर्ट जॉन्सन. ब्लूज गाणारा, गिटार वाजवत गावोगाव फिरणारा कृष्णवर्णीय कलाकार. १९३८ साली १६ ऑगस्टलाच मिसिसिपीतल्या ग्रीनवूडजवळ तो गेला. जन्मतारखेवर अजून एकमत नाही, पण वय साधारण २७ धरतात. त्याची रेकॉर्डिंग सेशन्स झाली दोनच. एक नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओला, दुसरं जून १९३७ मध्ये डॅलसला. गाणी एकूण २९. बस्स, एवढंच!

तो गेला तेव्हा कुठे बातमी नाही, काही नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा कार्यक्रम होणार होता. त्यासाठी जॉन हॅमंड या निर्मात्याने जॉन्सनचा शोध घेतला, तेव्हा कळलं की तो केव्हाच गेलाय. मग हॅमंडने स्टेजवरून त्याच्या दोन रेकॉर्ड्स वाजवून दाखवल्या. गंमत म्हणजे पुढे १९६० मध्ये याच हॅमंडने १८ वर्षांच्या अरेथाला कोलंबिया रेकॉर्ड्ससाठी करारबद्ध केलं.

आता खरी गोष्ट ऐका. जॉन्सन नेमका कोणत्या तारखेला गेला, हे कित्येक वर्षं संगीताच्या अभ्यासकांनाही माहीत नव्हतं. गेल डीन वॉर्डलो या संशोधकाला त्याचा मृत्यूचा दाखला सापडला तो थेट १९६८ मध्ये. म्हणजे ३० वर्षांनी! त्यात मृत्यूच्या कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'डॉक्टर नाही'. त्याच्या कबरीचे दगड मात्र आज तीन ठिकाणी आहेत.

जिथे नोंद नसते तिथे दंतकथा घर करते. जॉन्सनने म्हणे चौरस्त्यावर मध्यरात्री सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार शिकला. गोष्ट भारी आहे, मान्य. पण त्यात त्या मुलाचा रियाज, त्याने ज्यांचं ऐकून ऐकून हात बसवला ते जुने वादक, सगळे गायब होतात. 'सैतानाने दिलं' म्हटलं की मेहनतीचा हिशोब मांडावा लागत नाही.

एल्विसच्या बाबतीतही हे बघा. जुलै १९५४ मध्ये १९ वर्षांच्या एल्विसने सन स्टुडिओत गायलेलं पहिलं गाजलेलं गाणं मुळात आर्थर 'बिग बॉय' क्रुडप या मिसिसिपीच्याच कृष्णवर्णीय गायकाचं. क्रुडपने ते १९४६ मध्ये रेकॉर्ड केलं होतं. १९७४ मध्ये तो गेला तोवर त्याला आपल्या गाण्यांची हक्काची रॉयल्टी पूर्ण मिळाली नव्हती. २०२७ मध्ये एल्विसला जाऊन ५० वर्षं होतील, तेव्हा मोठा सोहळा होईलच. व्हायलाही हवा, त्याचा आवाज होताच तसा. पण त्या दिवशी क्रुडपचं नाव किती जण घेतील?

म्हणून मला वाटतं, पुण्यतिथीची पोस्ट टाकताना एक पायरी खाली उतरून बघावं. हे गाणं याच्याआधी कोणाच्या गळ्यात होतं? त्या माणसाची तारीख कोणी लिहून ठेवली का?

हा प्रश्न आपल्या घरात आणला की जरा टोचतो. माझ्या आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जून. तिच्या गावातल्या निम्म्या लोकांची तीच, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच लावून टाकली. तिला जात्यावरच्या किती ओव्या येतात, ते तिलाही माहीत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावागावांतून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या गेल्या, त्याही गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून. हे काम आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'वर ऐकता येतं. पण त्यात माझी आजी नाही. तुमचीही नसण्याची शक्यताच जास्त.

गेल्या मे महिन्यात चुलतभावाच्या हळदीला तिने जात्याला हात लावला आणि मी फोन समोर धरला. अकरा ओव्या मिळाल्या, मागे मिक्सरच्या आवाजासकट. फाइलला तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव आणि तारीख घातली.

"तारीख कशाला गं?" तिने विचारलं.

"लागते आजी."

या १६ ऑगस्टला एल्विस ऐका, नुसरत ऐका, अरेथा ऐका. त्यांच्याआधी जॉन्सनचं एक गाणं लावा, जेमतेम तीन मिनिटांचं असतं. आणि संध्याकाळी घरात कोणी जुनं काही गुणगुणत असेल, तर फोनवरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबा.