इंजिन फ्लशिंग : पालीच्या रस्त्यावरील नऊ दशकांचा मागोवा

इंजिन फ्लशिंग म्हणजे जुने ऑइल काढण्यापूर्वी इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरमध्ये पातळ द्रावक घालून इंजिन काही मिनिटे जागेवरच चालवणे आणि आत साचलेला गाळ ऑइलबरोबर बाहेर काढणे. बीडहून निघून पालीजवळच्या बिंदुसरा तलावाला मागे टाकत मांजरसुंब्याचा घाट चढणाऱ्या रस्त्यावर वाहनांच्या अनेक पिढ्या धावल्या. त्यांच्यापैकी पहिल्या पिढीला अशा सफाईची खरीच गरज होती. पुढे ती गरज बहुतांशी ऑइलनेच भागवली. सवय मात्र टिकून राहिली.

हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये बससेवा सुरू केली. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. त्या काळचे इंजिन ऑइल म्हणजे जवळजवळ निव्वळ खनिज तेल. ज्वलनातून येणारी काजळी, पाणी आणि आम्ल सामावून घेण्याची ताकद त्यात नव्हती, म्हणून घाण खाली बसे आणि चेंबरच्या तळाशी डांबरासारखा थर धरे. ठरावीक अंतराने चेंबर उतरवून तो खरवडणे हाच त्यावरचा उपाय होता. त्याच दशकाच्या मध्यास अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा चिकटू लागल्या. त्या अडचणीतून धातूंचे साबणासारखे क्षार मिसळलेली ऑइल्स तयार झाली. नंतर त्यांत काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देणारी रसायनेही आली. पुढच्या सगळ्या चर्चेचे मूळ या बदलात आहे. घाण तळाशी बसू न देता तरंगत ठेवायची आणि ऑइल बदलताना ती आपोआप बाहेर जाऊ द्यायची, हे काम आता ऑइलकडेच आले.

हा बदल सगळीकडे एकदम पोचला नाही. जीप, अॅम्बेसिडर आणि फियाटच्या काळात एकाच ग्रेडचे, ३० किंवा ४० नंबरचे ऑइल सर्रास वापरले जाई, आणि पुष्कळदा ते सुटेच विकत घेतले जाई. रेशनचे रॉकेल स्वस्त होते. गॅरेजमध्ये सुटे भाग त्यानेच धुतले जात, त्यामुळे चेंबरमध्येही रॉकेल किंवा डिझेल ओतणे मिस्त्रीला स्वाभाविक वाटे. आतून काळे पाणी निघाले की इंजिन स्वच्छ झाल्याचे समाधान मिळे.

या पद्धतीचे नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नसे. क्रँकशाफ्ट बेअरिंगवर थेट टेकलेला नसतो, दोघांमध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो. रॉकेलने ऑइल पातळ झाले की तो पडदा विरळ होतो आणि धातू धातूवर घासू लागतो. शिवाय द्रव कितीही वेळ गळू दिला तरी वाटांत आणि कोपऱ्यांत थोडा उरतोच, आणि तो नव्या ऑइलमध्ये मिसळतो. सर्वांत मोठा धोका अर्धवट सुटलेल्या गाळाचा. त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसले की वर टॅपेटपर्यंत ऑइल पोचतच नाही. फिल्टर तुंबला तर त्याचा बायपास वाल्व उघडतो आणि न गाळलेले ऑइल बेअरिंगकडे जाते. वर्षानुवर्षे एका जागी स्थिरावलेली घाण अशा वेळी इंजिनभर फिरते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीस वंगणाचा बाजार खुला झाला आणि १५डब्ल्यू-४० सारखी मल्टिग्रेड ऑइल्स तालुक्याच्या दुकानांतही मिळू लागली. मराठवाड्यात त्याच सुमारास काळी-पिवळी जीप, ट्रॅक्स आणि सुमोची प्रवासी वाहतूक वाढली. या गाड्यांच्या इंजिनांची परिस्थिती कठीण होती. उन्हाळ्यात चाळिशीपार तापमान, काळ्या मातीची बारीक धूळ, गच्च भरलेली गाडी आणि पुढे घाट. त्यात डिझेलमधील गंधकापासून आम्ल बनते आणि त्याला मारताना ऑइलमधील क्षार संपत जातात. भारत स्टेज (बीएस) ३ या प्रदूषण मानकाच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ३५० भाग होती. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस ४ लागू झाल्यावर ती ५० वर आली आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ बरोबर १० वर. इंजिनातला गाळ कमी होण्याला इंधनाची ही सुधारणा जितकी कारणीभूत आहे, तितके श्रेय तिला क्वचितच मिळते.

फ्लशिंगचे तयार डबे या काळात दुकानांत रुळले. त्यांत द्रावकाबरोबर घाण धरून ठेवणारी रसायनेही असतात. ते जुन्या ऑइलमध्ये ओतायचे, डब्यावर लिहिलेली पाच ते पंधरा मिनिटे इंजिन जागेवर चालवायचे, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. निव्वळ रॉकेलपेक्षा ही पद्धत निश्चितच सौम्य आहे. तरीही बहुतेक वाहन कंपन्यांच्या देखभालीच्या तक्त्यात तिचा समावेश नसतो. ऑइल काळे झाले म्हणून फ्लशिंग करणे तर चुकीचेच. डिझेल इंजिनातले नवे ऑइल थोड्याच किलोमीटरमध्ये काळे होते, कारण ते काजळी पोटात घेत असते.

चांगले ऑइल वापरूनही गाळ होऊ शकतो, हे टोयोटाच्या उदाहरणाने दाखवले. १९९७ ते २००२ दरम्यानच्या तिच्या काही इंजिनांत जाड गाळ साचल्याच्या तक्रारी अमेरिकेत वाढल्या आणि २००२ मध्ये कंपनीने त्यांच्यासाठी आठ वर्षांपर्यंतचे संरक्षण जाहीर केले. ऑइल वेळेवर न बदलणे आणि इंजिनाच्या आतली उष्णता, यांवर त्या वेळी बराच वाद झाला.

एवढ्या वर्षांच्या अनुभवातून निर्णय बराच स्पष्ट होतो. ज्या गाडीचे ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदलले गेले आहेत तिला फ्लशिंगची गरज नाही. तो खर्च चांगल्या फिल्टरवर आणि योग्य दर्जाच्या ऑइलवर करावा. इतिहास माहीत नसलेली जुनी गाडी विकत घेतली असेल तर प्रथम टॅपेट कव्हर उघडून पाहावे. आत तपकिरी पातळ थर असेल तर चांगले ऑइल भरून हजार-दीड हजार किलोमीटरवर ते फिल्टरसह बदलावे आणि हेच पुन्हा एकदा करावे. नवे ऑइल थर सावकाश विरघळवते. काळा, घट्ट गाळ दिसला तर डबा ओतणे धोक्याचे. तिथे चेंबर उतरवून जाळी हाताने साफ करण्याची मिस्त्रींची जुनी रीतच योग्य ठरते. हेड गॅस्केट फुटून ऑइलमध्ये पाणी मिसळले, ते दुधाळ झाले, तर मात्र दुरुस्तीनंतर फ्लशिंगला खरा अर्थ आहे. त्यातही द्रावकापेक्षा स्वस्त पण नवे ऑइल भरून थोडा वेळ इंजिन चालवणे आणि काढून टाकणे अधिक सुरक्षित.

बीएस ६ च्या डिझेल गाड्यांनी या प्रश्नाला नवी बाजू आणली आहे. धुराड्यातला काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी अनेक इंजिनांत जादा डिझेल सोडले जाते. गाडी सतत थोड्या अंतरावरच फिरत असेल तर ही सफाई अर्धवट राहते, डिझेल चेंबरमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. आधीच पातळ झालेल्या अशा ऑइलमध्ये आणखी द्रावक घालण्यात काहीच हशील नाही. ते ऑइल लगेच बदलावे, आणि तेही कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचेच. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. त्याच्या रबराला द्रावक मानवेल याची खात्री नसते, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर अशा इंजिनांत फ्लशिंग करू नये.