ऐकावे, थांबावे, टिपून घ्यावे

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकत होते, तेव्हा प्रा. जॉन ड्युई यांच्या वर्गात ते नियमाने बसत. ड्युई हे काही फर्डे वक्ते नव्हते. त्याच सुमारास त्यांच्या वर्गात बसलेले आणि पुढे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झालेले आयर्विन एडमन यांनी आपल्या आठवणींत त्या व्याख्यानांचे वर्णन केले आहे. ड्युई संथ बोलत, मधेच थांबत, खिडकीबाहेर पाहत राहत. पहिले व्याख्यान एडमन यांना कंटाळवाणे वाटले. मात्र नंतर वहीतील टिपणे वाचली, तेव्हा त्या अडखळत्या बोलण्यात किती सुसंगत विचार गुंफलेला होता हे त्यांच्या ध्यानी आले. बाबासाहेबांच्या मनात तर तो आवाज आयुष्यभर राहिला. जवळपास तीस वर्षांनंतरही ते ड्युईंच्या शिकवण्याच्या लकबींची हुबेहूब नक्कल आनंदाने करून दाखवीत, अशी माईसाहेबांनी सांगितलेली आठवण एलिनॉर झेलियट यांनी नोंदवून ठेवली आहे.

त्या काळी व्याख्यान एकदाच होई. जे निसटले ते निसटले. आज आपली मुले-मुली याच देशातील विद्यापीठांत शिकत असताना प्राध्यापकांचा आवाज त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये असतो. या सोयीने शिक्षण खरोखर सुधारते का, आणि सुधारत असेल तर कोणाचे, हा प्रश्न आपल्या घरांनी गांभीर्याने विचारायला हवा.

पॉडकास्ट हा शब्द २००४ सालचा. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या सुमारे १,६५० विद्यार्थ्यांना आयपॉड वाटले, तेव्हा ही विद्यापीठाची हौस असल्याची टीका झाली. पुढच्या वर्षी सरसकट वाटप थांबले आणि ज्या अभ्यासक्रमांना खरी गरज होती त्यांनाच उपकरणे मिळू लागली. पण कल्पना रुजली. २००५ मध्ये स्टॅनफर्डने आपली व्याख्याने ॲपलच्या आयट्यून्सवर ठेवली, आणि २००७ च्या अखेरीस येल विद्यापीठाने संपूर्ण अभ्यासक्रम ध्वनी व चित्ररूपात जगाला विनामूल्य खुले केले. नागपूरच्या वसतिगृहातील विद्यार्थी येलच्या वर्गातील व्याख्यान ऐकू शकेल, हे त्याआधी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

याचा सर्वाधिक लाभ कोणाला? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून थेट एम. एस. साठी येथे आलेल्या मुलाला पहिल्या सत्रात विषय कठीण जात नाही. कठीण जातो तो बोलण्याचा वेग आणि उच्चार. भर वर्गात हात वर करून ‘पुन्हा सांगाल का?’ असे विचारण्याचा संकोच त्याच्या मनात घर करून असतो. ध्वनिमुद्रण मात्र न रागावता दहा वेळा तेच वाक्य ऐकवते. दिवसा नोकरी करून संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात जाणारी भगिनी किंवा बसने तासभर प्रवास करणारी विद्यार्थिनी यांच्यासाठीही हे वरदानच आहे. ज्यांच्या घरात शिकवणीला कोणी नव्हते, त्यांना उजळणीचा सोबती मिळाला.

पण केवळ ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे. या बाबतीत दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया येथील संशोधकांनी २००९ साली मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने व्याख्यान वर्गात ऐकले, दुसऱ्याने पॉडकास्टवर. स्लाइडच्या प्रती दोघांनाही होत्या. परीक्षेत वर्गातील गटाला सरासरी ६२ टक्के गुण मिळाले, तर पॉडकास्टच्या गटाला ७१. मात्र ही आघाडी टिपणे काढीत ऐकणाऱ्यांची होती. जे नुसतेच ऐकत राहिले, ते वर्गातील विद्यार्थ्यांच्या पुढे गेले नाहीत. पुढच्याच वर्षी डॅनियल आणि वूडी या दोन प्राध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी एकच मजकूर काहींना वाचायला आणि काहींना पॉडकास्टवर ऐकायला दिला. वाचणाऱ्यांना चाचणीत ८१ टक्के गुण मिळाले, ऐकणाऱ्यांना अवघे ५९.

या दोहोंत विरोध नाही. वाचताना डोळे मागे वळतात, अवघड ओळीपाशी आपोआप थांबतात. कानावरून मात्र शब्द वाहत जातात, आणि भांडी घासताना किंवा गाडी चालवताना ऐकलेले समजल्याचा केवळ भास होतो. म्हणून पॉडकास्टला पुस्तकाची जागा देऊ नये, आणि वर्गाचीही देऊ नये. वर्गात जावे, मग ऐकावे, जिथे अडले तिथे थांबावे, टिपून घ्यावे आणि मूळ ग्रंथ उघडावा. ड्युईंचा विचार एडमन यांना उमगला तो वहीमुळेच.

एका प्रकरणाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने अनेक वर्षे हजारो व्याख्याने सर्वांना खुली ठेवली होती. परंतु त्यांतील बहुतेकांना शब्दांकन नव्हते. कर्णबधिरांसाठी ती बंदच होती. गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठातील दोघांच्या तक्रारीवरून केंद्रीय न्याय विभागाने २०१६ साली हा भेदभाव असल्याचा निष्कर्ष काढला. मार्च २०१७ मध्ये बर्कलीने खर्चाचे कारण पुढे करीत वीस हजारांहून अधिक ध्वनि-चित्रफिती सर्वांसाठीच बंद केल्या.

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला आणि सत्याग्रहानंतर, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, तो मागे घेतला. दोन्ही घटनांचे हेतू निराळे आहेत. त्यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे होईल. तरीही आपल्याला परिचित असलेला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो: वंचिताने पायरी मागितली, तर पायरी बांधायची की पाणवठाच बंद करायचा? नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय विभाग आणि बर्कली यांच्यात समझोता होऊन विद्यापीठाने आपले बहुतांश ऑनलाइन साहित्य, पॉडकास्टसह, सर्वांना वापरता येईल असे करण्याचे मान्य केले. आणि शब्दांकनाचा लाभ केवळ कर्णबधिरांना होतो असेही नाही. अनोळखी उच्चारांशी झगडणाऱ्या आपल्या मुलांनाही तेच शब्दांकन आधार देते. तळाच्या माणसासाठी केलेली सोय सर्वांनाच वर उचलते.

आता सावधगिरीचे दोन शब्द. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ च्या अखेरीस आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. त्यामुळे वर्गांत जातीविषयी चर्चा होऊ लागली तर ते स्वागतार्हच. पण वर्ग ध्वनिमुद्रित होत असेल, तर आपली जात उघड करणाऱ्या विद्यार्थ्याचे बोलणे वर्गाबाहेर कोणाच्या कानी जाईल, हे त्याने आधी विचारून घ्यावे. प्राध्यापकांना तेवढा भाग वगळण्याची विनंती करणे यात लाजण्यासारखे काही नाही. तसेच स्वतः मुद्रण करताना संमती घ्यावी. काही राज्यांत तो कायद्याचाही प्रश्न आहे.

अनेक प्राध्यापक आता निबंधाऐवजी विद्यार्थ्यांनाच पॉडकास्ट तयार करण्यास सांगतात. ही संधी आपल्या मुलांनी दवडू नये. कोलंबिया विद्यापीठाने ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ची टिपांसह अभ्यासावृत्ती ऑनलाइन उपलब्ध केली आहे, विषयासाठी दूर जाण्याची गरज नाही. आजी-आजोबांच्या तोंडून १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणी, वडिलांच्या वसतिगृहातील दिवस, आईची पहिली नोकरी हे सारे त्यांच्याच आवाजात नोंदवून अभ्यासाला जोडता येईल. बाबासाहेबांनीही ऑक्टोबर १९५४ मध्ये आकाशवाणीवरून आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले होते.

मराठीत विद्वानाला बहुश्रुत म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे असा. या सत्रात मुलाच्या कानात हेडफोन दिसला तर रागावण्याआधी इतकेच पाहावे, की समोर वही उघडी आहे ना.